बोलत राहिला, बोलत गेला, बोलत सुटला

'शी वेंट ऑन टू स्टडी मेडिसिन.' एका इंग्रजी चरित्राचं मराठी भाषांतर तपासताना हे वाक्य माझ्यासमोर आलं. भाषांतर करणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, 'त्या वैद्यकीय शिक्षण घेत राहिल्या.' तिने शब्दकोश पाहिला होता आणि 'गो ऑन' म्हणजे चालू ठेवणे, सुरू राहणे, असं त्यात दिलेलंही होतं. पण चरित्रातल्या या बाईंनी तोवर वैद्यकाचं एक पुस्तकही उघडलं नव्हतं. त्यांनी आधी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेतलं, एवढंच त्या वाक्याला सांगायचं होतं. एका 'टू'कडे लक्ष गेलं नाही आणि आयुष्यातला एक मोठा वळणाचा क्षण पुसला गेला.

नियम तसा सोपा आहे. 'गो ऑन'नंतर 'इंग' लावलेलं क्रियापद आलं, तर हातातलं काम तसंच सुरू आहे. 'टू' आला, तर एक काम आटोपून माणूस दुसऱ्याकडे वळला आहे. 'ही वेंट ऑन टॉकिंग अबाउट द रेन' म्हणजे तो पावसाबद्दल बोलत राहिला. 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट द रेन' म्हणजे आधी त्याचा विषय वेगळा होता, मग तो पावसावर आला. इंग्रजी चरित्रांत आणि मृत्युलेखांत 'वेंट ऑन टू बिकम' हे शब्द पानोपानी भेटतात. त्यांचं मराठी करायला क्रियापद शोधावंच लागत नाही. 'पुढे ते मुख्यमंत्री झाले', 'पुढे तिने स्वतःची प्रयोगशाळा काढली'. सगळा भार 'पुढे' हा एक शब्द उचलतो. घरापुढे अंगण असतं तेव्हा हा शब्द जागा सांगतो, 'पुढे काय होईल' म्हटलं की काळ सांगतो. इंग्रजीतला 'ऑन' हेच करतो. रस्त्यावरही तोच आणि आयुष्यातही तोच.

'ऑन'चा अर्थ शाळेत आपण 'वर' असा शिकतो. बुक ऑन द टेबल. मग 'गो ऑन'मध्ये वर कोण गेलं? मला हा शब्द समजला तो 'वर'पेक्षा 'टेकलेलं' या अर्थाने. पुस्तक टेबलाला टेकलेलं आहे, दिव्याचं बटण 'ऑन' असलं की वीज जोडलेली आहे, चालणारा वाटेला लागलेला आहे आणि त्याचे पाय वाटेवरून सुटलेले नाहीत. त्याच्या उलट 'ऑफ', म्हणजे सुटलेलं, तुटलेलं, बंद. हे चित्र मनात ठेवलं की 'ड्राइव्ह ऑन', 'रीड ऑन', 'वर्क ऑन', 'लिव्ह ऑन' अशी रूपं पाठ करावी लागत नाहीत. न थांबता करता येण्याजोग्या बहुतेक कोणत्याही कामाला इंग्रजी माणूस हा 'ऑन' जोडू शकतो.

एवढ्याशा शब्दाला स्वतःचा अर्थ असतो, की तो क्रियापदाला चिकटला की मगच अर्थ जन्मतो? हा वाद इंग्रजीने उपस्थित केला असं वाटेल, पण तो आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात सुरुवातीलाच उपसर्गांची चर्चा येते आणि तिथे दोन मतं नोंदवलेली आहेत. शाकटायन म्हणतो की सुटा उपसर्ग स्वतंत्रपणे अर्थ सांगत नाही, तो नामाच्या किंवा क्रियापदाच्या अर्थाला उजळा देतो. गार्ग्य म्हणतो की उपसर्गांना त्यांचे स्वतःचे, निरनिराळे अर्थ असतात. शाळेत शिकलेली उदाहरणं आठवा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ धातू एकच, 'हृ', पण आधी लागलेल्या उपसर्गाने प्रत्येक वेळी वेगळ्या गावाला नेलं. 'गो ऑन', 'गो ऑफ', 'गो अंडर', 'गो थ्रू' यांचा खेळ हाच आहे.

साम्य इथेच थांबत नाही. इंग्रजी शिकणाऱ्याला सतावणारी एक गोष्ट म्हणजे हे छोटे शब्द क्रियापदाच्या मागून येतात आणि मध्ये दुसरा शब्द घुसू देतात. 'कॅरी ऑन द ट्रॅडिशन' चालतं, 'कॅरी द ट्रॅडिशन ऑन'ही चालतं. हे परकं वाटतं, कारण आपल्याला माहीत असलेल्या संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि त्याला घट्ट चिकटतो. पण वेदांची भाषा तशी नव्हती. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या पादात, आधी उपसर्ग धातूच्या पूर्वी येतात असं सांगितलं, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत नोंदवलं की वेदांत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द ठेवूनही येतात. जर्मनमध्ये आजही 'वायटरगेएन' म्हणजे पुढे जाणे या क्रियापदाचा 'वायटर' वाक्यात सुटून शेवटी जाऊन बसतो. ही सगळी एकाच मोठ्या भाषाकुळाची मंडळी आहेत. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या 'प्रोग्रेस'मधला 'प्रो' आणि आपल्या 'प्रगती'मधला 'प्र' ही एकाच मुळाची दोन रूपं आहेत.

जुन्या इंग्रजीतही असे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी जोडलेले असत. नंतरच्या शतकांत ते मोठ्या प्रमाणावर मागे सरकले. आधीच्या ठेवणीची खूण 'ऑनगोइंग', 'ऑनलुकर' अशा शब्दांत दिसते. १०६६नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंचचा ओघ आला आणि 'कंटिन्यू', 'प्रोसीड', 'अॅडव्हान्स' हे शब्द तिकडून आले. त्यामुळे इंग्रजीत आजही दोन थर आहेत. न्यायालयात 'प्रोसीड', स्वयंपाकघरात 'गो ऑन'. आपल्याकडे 'सातत्य राखणे' आणि 'चालू ठेवणे' यांत जे अंतर आहे, तेच. सॅम्युअल बेकेटने 'लिनोमाब्ल' ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली, ती १९५३ साली प्रकाशित झाली. तिच्या अखेरीस 'कंतिन्युए' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. त्याने स्वतःच तिचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा 'कंटिन्यू' हा शब्द हाताशी असूनही तो घेतला नाही. 'गो ऑन' घेतलं. दमलेला माणूस स्वतःशी इंग्रजीत बोलताना लॅटिन वळणाचा शब्द वापरत नाही, हे त्याला ठाऊक असावं.

या जोडशब्दांनी परक्यांना छळलं आहे हेही जुनंच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या प्रसिद्ध कोशाच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. अशा जोडशब्दांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच उशिरा मिळालं. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ साली 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात ते वापरलं. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं तो सांगतो.

पण मराठी माणसाला हे इतकं जड का जावं, असं मला खरोखर वाटतं. क्रियापदाच्या मागे दुसरा एक शब्द ठेवून अर्थाला बारीक वळण देण्याचं काम आपण दिवसभर करत असतो. इंग्रजी त्यासाठी 'ऑन', 'अप', 'ऑफ' वापरते. आपण दुसरं क्रियापदच वापरतो. 'ड्रिंक अप' म्हणजे 'पिऊन टाक'. तिथला 'अप' म्हणजे आपला 'टाक'. संपवून मोकळं होणं. तसंच 'ऑन'चं. फरक एवढाच की 'ऑन' एकटा आहे आणि आपल्याकडे त्या जागी सगळं घराणं उभं आहे.

तो बोलत राहिला. थांबला नाही, एवढंच कळलं. राग नाही, कौतुक नाही. त्याला 'च' जोडून 'बोलतच राहिला' म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव कंटाळल्याचं कळतं. इंग्रजीत हे 'कीप ऑन' करतं. 'कीप ऑन' पुष्कळदा हट्टाचं किंवा पुन्हा पुन्हा घडण्याचं असतं. 'ही कीप्स ऑन फर्गेटिंग' म्हणजे तो सारखा विसरतो.

तो बोलत गेला. इथे वाक्यागणिक काहीतरी वाढतं आहे, उलगडतं आहे. 'बोलत गेला तसतसं आम्हाला कळत गेलं.' 'वाढत गेलं', 'सुधारत गेली', 'खचत गेला'. 'जाणे' या क्रियापदाने उतार किंवा चढ दाखवला आहे. इंग्रजी 'अॅज टाइम वेंट ऑन' म्हणते तेव्हा याच्या जवळ येते.

तो बोलत सुटला. बांध फुटला, आता आवरणं कठीण. 'पळत सुटला', 'खर्च करत सुटला'. 'ही वेंट ऑन अँड ऑन'ला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. त्याच्या जोडीला आपल्याकडे 'चऱ्हाट लावलं', 'काय हे गुऱ्हाळ' ही बोलणी आहेतच. चऱ्हाट म्हणजे न संपणारा दोर. गुऱ्हाळात चरक गोल फिरत राहतो आणि रस उकळत राहतो.

तो बोलत बसला. वेळ गेला, दुसरं काही करायचं होतं ते राहिलं. 'मी भाजी निवडत बसले आणि गाडी चुकली.' ही तक्रार इंग्रजी 'ऑन'मध्ये मावत नाही. तिथे वेगळं वाक्य करावं लागतं. आणि 'मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय' यातला 'येणे' मागून आजपर्यंत पोचणारी रेघ ओढतो. 'जाणे' पुढे नेतं, 'येणे' मागून आणतं.

याहून बारीक एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. आपण 'चालत राहिला' म्हणतो, पण 'झोपत राहिला' म्हणत नाही. 'झोपून राहिला', 'बसून राहिला', 'पडून राहिला'. हालचाल चालू असेल तर 'त', आणि एकदा झालेली अवस्था तशीच टिकली असेल तर 'ऊन'. इंग्रजी 'वॉक्ड ऑन' आणि 'स्लेप्ट ऑन' यांत असा काही भेद करत नाही. मराठी तीन वर्षांचं पोरही हा भेद चुकत नाही आणि त्याला तो कोणी शिकवलेला नसतो. शिवाय 'तसाच' हा शब्द आहे. 'गाव आलं तरी तो थांबला नाही, तसाच पुढे गेला.' 'ही ड्रोव्ह ऑन'मधला 'ऑन' इथे 'तसाच' आणि 'पुढे' या दोघांनी वाटून घेतला.

म्हणून इंग्रजी शिकवताना मुलांच्या हाती दोनशे जोडक्रियापदांची यादी देण्याआधी त्यांच्याकडून ही 'राहणे, जाणे, सुटणे, बसणे' बोलून घ्यावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे. ज्याच्या कानाला 'बोलत गेला' आणि 'बोलत सुटला' यांतला फरक कळतो, त्याला 'गो ऑन' आणि 'कीप ऑन' यांतला फरक ऐकू येणारच.

आता 'कॅरी ऑन'. यात 'कॅरी' आहे, म्हणजे काहीतरी वाहून नेणं आहे. म्हणूनच परंपरा, धंदा, पत्रव्यवहार, संशोधन अशा कर्मांबरोबर ते सहज येतं. 'वडिलांचं दुकान मुलाने पुढे चालवलं', 'वसा चालवला'. सैन्यात मात्र या शब्दांना कर्म लागत नाही. अधिकारी तपासणीला येतो, सगळे ताठ उभे राहतात, तो पाहणी करतो आणि जाताना सार्जंटला म्हणतो, 'कॅरी ऑन, सार्जंट'. याचं मराठी काय करावं यावर मी बराच विचार केला आहे. 'चालू ठेवा' यात हुकूम आहे, पण मोकळीक नाही. 'पुढे चला' म्हटलं तर ते भलतंच होईल. बरोबर शब्द आपल्याला शाळेतच ऐकायला मिळतात. वर्ग चालू असताना दारात साहेब येतात, मुलं उठून उभी राहतात, साहेब हाताने बसा अशी खूण करतात आणि गुरुजींना म्हणतात, 'चालू द्या.' हेच ते. माझ्या येण्याने काही अडू नये, तुमचं आधीचं काम तुमच्याच हाती आहे. १९५८ साली सुरू झालेल्या आणि १९९२पर्यंत एकतीस चित्रपटांपर्यंत गेलेल्या ब्रिटिश विनोदी मालिकेचं 'कॅरी ऑन' हे नाव तिच्या पहिल्या चित्रपटातून, म्हणजे 'कॅरी ऑन सार्जंट'मधून, याच हुकुमावरून आलं.

हा 'चालू द्या' लक्षात ठेवला की जगभर गाजलेलं ते लाल भित्तिपत्रकही उलगडतं. १९३९ साली, दुसरं महायुद्ध दाराशी आलेलं असताना, ब्रिटनच्या माहिती मंत्रालयासाठी तीन भित्तिपत्रकं तयार झाली. वर राजमुकुट, खाली ठळक अक्षरं. त्यांतलं तिसरं होतं 'कीप काम अँड कॅरी ऑन'. त्याच्या सुमारे २४ लाख ५० हजार प्रती छापल्या गेल्या, पण त्या मोठ्या हवाई हल्ल्यासारख्या प्रसंगासाठी राखून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात ते पत्रक लोकांसमोर जवळपास आलंच नाही आणि १९४०मध्ये बहुतेक प्रतींचा लगदा करण्यात आला. २००० साली इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमधल्या अॅनिक गावी, जुन्या रेल्वे स्थानकात थाटलेल्या 'बार्टर बुक्स' या दुकानाच्या मालकांना लिलावात घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात तळाशी त्याची एक घडी सापडली. त्यांनी ती चौकट करून दुकानात लावली, गिऱ्हाईकं मागू लागली आणि पुढे ते कपबशांपासून टीशर्टांपर्यंत सगळीकडे छापलं गेलं. त्याचं मराठी 'शांत राहा आणि कामाला लागा' असं झालेलं मी वाचलं आहे. ते चूक आहे. कामाला लागणं म्हणजे सुरुवात करणं. पत्रक सांगत होतं की बाँब पडले तरी दूधवाल्याने दूध घालावं, शिक्षकाने शिकवावं. 'डगमगू नका, आपलं काम चालू राहू द्या', असं काहीसं.

महाराष्ट्रात 'कॅरी ऑन'ला आणखी एक अर्थ मिळाला आहे आणि तो कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. अभियांत्रिकीचे, विधीचे विद्यार्थी विद्यापीठाकडे 'कॅरी ऑन'ची मागणी करतात, वर्तमानपत्रं तसेच मथळे देतात. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला बसू द्या, ही ती मागणी. मागच्या वर्षाचं ओझं घेऊन पुढे जाण्याला इंग्लंडमधला माणूस 'कॅरी ओव्हर' म्हणेल. पण आपल्या विद्यार्थ्यांनी एकाच शब्दात ओझं वाहणं आणि न थांबणं अशी दोन्ही कामं बसवली, आणि मला तरी त्यात चुकीपेक्षा नेमकेपणा अधिक दिसतो.

'मूव्ह ऑन' यांच्यात वेगळं पडतं. 'गो ऑन टू' सोडलं तर बाकीची सगळी तेच काम चालू ठेवतात, हे मात्र आधीचं सोडायला लावतं. गर्दीत पोलीस म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'इथे थांबू नका, पुढे सरका' असा असतो. चार्ल्स डिकन्सने 'ब्लीक हाउस'मध्ये (१८५२-५३) या दोन शब्दांची क्रूरता दाखवली आहे. त्यात 'जो' नावाचा एक अनाथ मुलगा आहे. लंडनमध्ये रस्ता ओलांडायची जागा झाडून तो चार पैसे मिळवतो. पोलीस त्याला सतत पुढे सरकायला सांगतात. एका प्रकरणाचं नावच 'मूव्हिंग ऑन' आहे. पुढे म्हणजे कुठे, हे त्या पोराला कोणीही सांगत नाही, कारण त्याला जायला जागाच नाही.

आज हे शब्द मराठी तरुणांच्या तोंडी प्रेमभंगानंतर आणि कधी कधी मृत्यूनंतरही येतात. 'मूव्ह ऑन कर आता.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरी मला तो शब्द दुःखाच्या ठिकाणी टोचतो. कारण त्यात मागे टाकून निघून जाण्याची अट आहे. आपल्याकडे 'सावरणे' आहे. 'ती आता बरीच सावरली आहे' असं म्हणताना गेलेल्या माणसाला मागे टाकलं असं कोणी म्हणत नाही. तोल गेला होता, तो परत आला, एवढंच. दोन्ही शब्द हाताशी असतील तर कोणता कुठे वापरायचा, हे ठरवता आलं पाहिजे.

'गो ऑन'चे उरलेले अर्थ मराठी कानाला अगदी जवळचे आहेत. 'व्हॉट्स गोइंग ऑन?' म्हणजे 'काय चाललंय?' दोन्ही भाषांनी घडण्यासाठी पायांनी चालण्याचंच क्रियापद निवडलं. आपलं 'चालणे' तर त्याहून पुढे गेलं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, आणि पसंती द्यायची तर 'चालेल'. कुणाचं गुपचूप प्रेमप्रकरण असलं की जुन्या वळणाच्या इंग्रजीत ते 'कॅरीइंग ऑन' असायचे आणि आपल्या गल्लीत त्यांचं 'काहीतरी चालू आहे'. 'शी इज गोइंग ऑन फॉर्टी' म्हणजे ती चाळिशीला टेकली. 'वी हॅव नथिंग टू गो ऑन' म्हणणाऱ्या पोलिसाच्या हाती धागादोरा नसतो. या शेवटच्या वाक्यातला 'ऑन' मात्र पुढे नेणारा नाही, आधाराचा आहे. तपासाने पाय कशावर ठेवायचा, असं तो विचारतो.

आणि एकच 'गो ऑन' सुराने बदलतं. खेचून म्हटलं तर 'काहीतरीच काय, चल!', विश्वास बसत नाही. हळू म्हटलं तर 'घे ना अजून थोडं', आग्रह. समोरचा बोलता बोलता अडखळला, काही सांगू की नको अशा विचारात पडला, तेव्हा मान किंचित हलवून म्हटलेलं 'गो ऑन' म्हणजे आजीच्या अंथरुणात शिरून, दिवा मालवल्यावर, ती दमून गप्प झाली की आपण अंधारात विचारायचो ते, 'मग? पुढे?'